पडद्यावरची विमानविरोधी तोफ



युद्धावरील बोलपटांत एक देखावा इतक्या वेळां येऊन गेलेला आहे कीं, तो प्रथम कोणत्या बोलपटांत पाहिला हें आतां कोणालाही सांगतां येणार नाहीं. रात्रीची वेळ आहे. भोंगा वाजत आहे. प्रकाशझोत आकाशांत इकडून तिकडे फिरत आहेत. वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला एक तोफ उभी आहे आणि तिच्या मागें एक शिपाई दांतओठ खात बसला आहे. तो चाक फिरवितो, एक डोळा मिटतो, खटका दाबतो, आणि दुसऱ्याच क्षणीं वर एक विमान पेट घेतें व धुराची लांब शेपटी सोडीत क्षितिजाआड कोसळतें. शिपाई शिरस्त्राण मागें सारून हसतो. व्हिडिओ गेममध्यें तर हा शिपाई म्हणजे आपल्याच घरांतला मुलगा असतो, आणि एका संध्याकाळीं दहावीस विमानें पाडून मग तो जेवावयास येतो.

दुसऱ्या महायुद्धांतील विमानविरोधी तोफ प्रत्यक्षांत कशी चालत होती आणि पडद्यावर ती कशी चालते, हें आज ताडून पाहावयाचें आहे. बोलपट म्हणजे इतिहासाचें पाठ्यपुस्तक नव्हे, हें मला मान्य आहे. परंतु मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, आणि माझा अनुभव असा कीं, पुस्तकांतलें युद्ध मुलें परीक्षेबरोबर विसरतात. पडद्यावरचें युद्ध मात्र त्यांच्या मनांत घर करून राहतें. तेव्हां त्या पडद्यानें काय ठेवलें आणि काय गाळलें याची विचारपूस करणें अगदींच निरर्थक नाहीं. माझ्या मतें त्यानें तोफेला एक डोळा आणि एक बोट दिलें. जिच्या आधारावर ती चालत होती ती गणिताची वही मात्र तिच्याजवळून काढून घेतली. आणि वर गेलेलें लोखंड खालीं कोणाच्या माथ्यावर आलें, हा प्रश्न तर बहुधा विचारलाच नाहीं.

प्रथम ती वहीच उघडूं. वीस हजार फूट उंचीवरून एक बाँबफेकें विमान ताशीं अडीचशें मैल वेगानें चाललें आहे. जर्मनांच्या प्रसिद्ध ८८ मिलिमीटर तोफेचा गोळा तेथपर्यंत पोंचावयास वीस सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्या अवधींत विमान जवळजवळ दीड मैल पुढें गेलेलें असतें. म्हणजे ज्या तोफेनें विमानावर नेम धरला ती तोफ चुकलीच. नेम धरावयाचा तो आकाशांतल्या एका रिकाम्या जागेवर, जेथें या क्षणीं कांहींच नाहीं. ती जागा काढण्यासाठीं विमानाची उंची, वेग आणि दिशा पाहिजे. वारा किती व कोणत्या बाजूनें, हवा किती गरम, तोफेची नळी किती झिजलेली, हेंही पाहिजे. शिवाय गोळा विमानाला जाऊन आपटावा अशी कोणाची अपेक्षाच नसे. त्याच्या टोंकाशीं घड्याळासारखी योजना असे. ठराविक सेकंद भरले म्हणजे तो फुटे आणि त्याचे तुकडे चोहोंकडे उडत. तेव्हां तो केव्हां फुटावा हेंही तोफ डागण्यापूर्वींच ठरवावें लागे.

हें सारें गणित एका माणसाच्या डोक्यांत मावणारें नव्हे. त्यासाठीं तोफांपासून कांहीं अंतरावर एक पेटीसारखें यंत्र ठेवलेलें असे. त्याला इंग्रज लोक प्रेडिक्टर म्हणत. आपण त्याला भाकितयंत्र म्हणूं. त्याच्या भोंवतीं चारपांच माणसें उभीं राहून दुर्बिणींतून विमानाचा पाठलाग करीत व चाकें फिरवून कांटे जुळवीत. जवळच उंची मोजणारें दुसरें एक लांबट यंत्र असे. यंत्रांतून निघालेलें उत्तर तारेनें तोफेवरील तबकड्यांपर्यंत जाई, आणि तोफेवरचे शिपाई तबकडीवरील एका कांट्यामागें दुसरा कांटा नेत. म्हणजे अशा मोठ्या तोफेवर काम करणाऱ्याला विमान दिसलेंच पाहिजे असें नव्हतें. त्याचे डोळे आकाशाकडे नसून तबकडीकडे असत. आणि एवढें करूनही सगळें उत्तर एका गृहीतावर उभें असे. तें हें कीं, पुढील वीस सेकंद वैमानिक सरळ जाईल. तो किंचित् वळला कीं वही कोरी.

न्यायासाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर्वच तोफा अशा नव्हत्या. खालून उडणाऱ्या विमानांसाठीं २० मिलिमीटरच्या किंवा स्वीडनमधील बोफोर्स कारखान्याच्या ४० मिलिमीटरच्या हलक्या तोफा असत. त्यांतून निघणाऱ्या गोळ्या प्रकाशाची रेघ ओढीत जात आणि ती रेघ पाहून तोफवाला आपला नेम सुधारी. बोलपटांतील दांतओठ खाणारा शिपाई या तोफांवर सांपडला असता. घोटाळा होतो तो असा कीं, हलक्या तोफेचा शिपाई उचलून जड तोफेवर बसविला जातो आणि वीस हजार फुटांवरचीं विमानें त्याच्या डोळ्याच्या इशाऱ्यावर पाडलीं जातात.

एका विमानामागें किती गोळे खर्चीं पडत? १९४० सालच्या सप्टेंबरांत लंडनवर रात्रींचे हल्ले सुरू झाले, त्या महिन्यांत ब्रिटिश तोफखान्यास एक विमान पाडण्यासाठीं वीस हजारांहून अधिक गोळे उडवावे लागले. पुढें सराव वाढला, रडार हाताशीं आलें, आणि १९४१ च्या आरंभीं हा आंकडा चार हजारांच्या घरांत आला. जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफ चांगली म्हणून जगभर गाजली. पण १९४४ सालीं तिलाही एका विमानामागें सुमारें सोळा हजार गोळे लागत होते. हे आंकडे ऐकून तोफखाना कुचकामाचा होता असें मात्र कोणी समजूं नये. गोळे फुटूं लागले म्हणजे विमानें उंच चढत, उंचावरून बाँब नेमके पडत नसत, सरळ जाण्याचा धीर थोड्यांनाच उरे. न पडलेल्या बाँबांची गणती कोणत्याच खात्यांत होत नाहीं, आणि पडद्यावर तर ती दाखवितांच येत नाहीं.

लंडनची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. ७ सप्टेंबर १९४० रोजीं मोठा हल्ला झाला तेव्हां राजधानीभोंवतीं जड तोफा शंभरसुद्धां नव्हत्या. पहिल्या दोनतीन रात्रीं त्या जवळजवळ मुक्याच होत्या, कारण अंधारांत नक्की हिशेब जमल्याशिवाय गोळा वायां घालवूं नये असा शिस्तीचा नियम होता. नगरवासी मात्र चिडले. आपल्यावर बाँब पडत आहेत आणि आपल्या तोफा गप्प, हें त्यांना सहन होईना. ब्रिटनच्या विमानविरोधी दळाचे प्रमुख सर फ्रेडरिक पाइल यांनीं इतर गांवांहून तोफा आणवून त्यांची संख्या दोन दिवसांत दुपटीवर नेली, आणि ११ तारखेच्या रात्रीं हुकूम दिला कीं, हिशेब जुळो न जुळो, प्रत्येक तोफेनें उडत राहावें. त्या एका रात्रींत तेरा हजारांवर गोळे उडाले. फायदा बेताचाच, परंतु दुसऱ्या दिवशीं लंडनची मुद्रा पालटलेली होती. त्या भयंकर गडगडाटांत लोक अधिक शांतपणें झोंपले. त्याच वर्षीं निघालेल्या ‘लंडन कॅन टेक इट’ या छोट्या माहितीपटांत हा गडगडाट ऐकावयास मिळतो, आणि माझ्या मतें तो माहितीपट पुढच्या पुष्कळ मोठ्या बोलपटांपेक्षां अधिक प्रामाणिक आहे. कारण त्यांत तोफ विमान पाडीत नाहीं, नुसती बोलते.

आतां वरून पाहूं. विमानांत बसून या तोफांकडे पाहणारा सर्वांत विश्वसनीय चित्रपट म्हणजे विल्यम वायलर यांचा १९४४ सालचा ‘द मेम्फिस बेल’. वायलर हे हॉलिवुडचे नामांकित दिग्दर्शक. ते स्वतः बाँबफेक्या विमानांतून जर्मनीवर गेले. त्यांचा एक छायालेखक दुसऱ्या विमानाबरोबर मारला गेला. या चित्रपटांत फुटलेले गोळे कसे दिसतात? काळ्या धुराचे लहान लहान पुंजके, जणु कोणी शाईचे ठिपके टाकावे तसे. ज्वाळा नाहींत, नारिंगी उजेडाचे डोंब नाहींत. पुंजका दिसला म्हणजे धोका होऊन गेलेला असे. तुकडे केव्हांच निघून गेलेले असत. इंजिनांच्या घरघरींत स्फोटाचा आवाज ऐकूं येई तो गोळा अगदीं जवळ फुटला तरच. याच विमानाचें नांव घेऊन १९९० सालीं दुसरा बोलपट निघाला. त्यांत, आणि त्यानंतरच्या बहुतेक बोलपटांत, प्रत्येक स्फोट कानठळ्या बसवितो, कारण नाट्यगृहांतल्या प्रेक्षकाला शांततेंतली भीति पटत नाहीं.

भीति होती हें मात्र खरें. लढाऊ विमान समोर आलें तर बंदूक चालवितां येते. या पुंजक्यांना उत्तर नव्हतें. बाँब टाकण्यापूर्वींचीं कांहीं मिनिटें विमान सरळ नेलेंच पाहिजे, म्हणजे खालच्या भाकितयंत्राला हवें तेंच करावयाचें. १९४४ च्या मध्यानंतर अमेरिकन बाँबफेकीं विमानें लढाऊ विमानांपेक्षां तोफांनींच अधिक पाडलीं. तरीही बोलपटवाल्यांचा ओढा लढाऊ विमानांकडेच राहिला. कारण उघड आहे: लढाऊ विमानांत एक चेहरा असतो, काळ्या पुंजक्याला चेहरा नाहीं. २००० सालीं निघालेल्या ‘बी-१७ फ्लाइंग फोर्ट्रेस: द माइटी एट्थ’ या खेळांत दहा माणसांचें विमान खेळणाऱ्याच्या हातीं येतें, आणि गोळे फुटूं लागले म्हणजे त्याला फारसें कांहीं करण्यासारखें उरत नाहीं. असें स्वस्थ बसावयास लावणारे खेळ थोडे.

धरणांवरील हल्ल्याचा एक मासला पाहण्यासारखा आहे. १९४३ च्या मे महिन्यांत १६ आणि १७ तारखांच्या दरम्यानच्या रात्रीं एकोणीस लँकेस्टर विमानें जर्मनींतील धरणें फोडावयास गेलीं. त्यांपैकीं आठ परत आलीं नाहींत. १९५५ च्या ‘द डॅम बस्टर्स’ या बोलपटांत म्योने धरणावरील हलक्या तोफांच्या प्रकाशरेघा दाखविल्या आहेत. त्या आज बघतांना चित्रावर मागाहून ओढल्यासारख्या कृत्रिम वाटतात. पण प्रसंग खरा आहे. दलाचे प्रमुख गाय गिब्सन आपला बाँब टाकून झाल्यावर तोफांचा मारा स्वतःवर ओढून घेण्यासाठीं मागच्या विमानाच्या बरोबरीनें पुन्हां धरणावरून गेले. दुसरें धरण एडरचें. तेथें त्या रात्रीं एकही तोफ नव्हती. डोंगरांतली अडचणीची दरी हेंच तेथलें संरक्षण. २००३ सालच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या अतिशय लोकप्रिय खेळांत खेळणाऱ्याला याच एडर धरणावर पाठविलें जातें, आणि तेथें त्याचें काम काय, तर धरणावरील विमानविरोधी तोफा उडवून देणें! खेळांतील प्रसंग हल्ल्यानंतरच्या काळांतला आहे आणि हल्ल्यानंतर जर्मनांनीं धरणांवर तोफा आणल्या होत्या, त्यामुळें याला चूक म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु हा खेळ खेळलेल्या मुलाला एडरचें नांव घेतांच तोफा आठवतील, दरी आठवणार नाहीं.

तोफेमागच्या एकट्या वीराचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पॅसिफिक महासागरांतलें आहे, आणि तें मुळांत खरें आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपान्यांनीं पर्ल हार्बरवर झडप घातली, त्या वेळीं ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवर डोरिस मिलर नांवाचा एक कृष्णवर्णी तरुण स्वयंपाक-वाढपाच्या खात्यांत काम करीत होता. अमेरिकन आरमारांत त्या काळीं त्याच्या वर्णाच्या माणसाला बहुधा याच खात्यांत घेत, आणि तोफा-बंदुकांचें शिक्षण देत नसत. त्यानें जखमी कप्तानाला हलविण्यास हात दिला आणि मग पूर्वीं कधीं हाताळलेली नसलेली विमानविरोधी मशीनगन गोळ्या संपेपर्यंत चालविली. १९४२ च्या मे महिन्यांत त्याला नेव्ही क्रॉस हें पदक मिळालें. तें मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णी अमेरिकन. १९४३ च्या नोव्हेंबरांत दुसऱ्या नौकेबरोबर तो बुडाला. २००१ सालच्या ‘पर्ल हार्बर’ या बोलपटांत त्याची भूमिका आहे, आणि त्या अवाढव्य व पुष्कळशा पोकळ बोलपटांतला हा भाग मला सर्वांत कमी पोकळ वाटला. पुढें २००३ सालच्या ‘मेडल ऑफ ऑनर: रायझिंग सन’ या खेळांत खेळणारा मुलगा ‘कॅलिफोर्निया’ या युद्धनौकेवर चढतो व तोफेनें जपानी विमानें पाडूं लागतो. मिलरची बंदूक राहिली. त्याला ती बंदूक शिकविली कां गेली नव्हती, हा प्रश्न मात्र वाटेंत कोठें तरी गळाला.

त्याच सकाळची दुसरी हकीकत बोलपटांत क्वचितच दिसते. होनोलुलु शहरांत त्या दिवशीं सुमारें चाळीस स्फोट झाले, घरें मोडलीं, नागरिक मेले. लोकांस वाटलें, जपान्यांनीं शहरावर बाँब टाकले. नंतर तज्ज्ञांनीं तुकडे तपासले, तेव्हां दिसून आलें कीं, त्यांतील जवळजवळ सर्व स्फोट अमेरिकन तोफांच्याच गोळ्यांचे होते. हे गोळे वर फुटले नाहींत. ते खालीं येऊन फुटले. त्याच रात्रीं ‘एंटरप्राइझ’ या नौकेवरचीं आपलींच विमानें उतरावयास आलीं असतां भेदरलेल्या तोफखान्यानें त्यांवर मारा केला आणि तीन अमेरिकन वैमानिक प्राणांस मुकले.

अडीच महिन्यांनीं, २४ फेब्रुवारी १९४२ च्या रात्रीं व दुसऱ्या दिवशींच्या पहाटे, लॉस एंजेलिसमध्यें याहून विलक्षण प्रकार झाला. आदल्या दिवशीं एका जपानी पाणबुडीनें किनाऱ्यावर कांहीं गोळे टाकले होते. सारें शहर धास्तावलेलें. कोणाला तरी आकाशांत कांहीं तरी दिसलें, आणि तोफांनीं चौदाशेंहून अधिक गोळे उडविले. एकही शत्रुविमान आलेलें नव्हतें. काळोखांतले मोटार-अपघात आणि धसका यांमुळें कांहीं माणसें दगावलीं; गोळ्यांचे तुकडे घरांवर व रस्त्यांवर पडले. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनीं १९७९ सालीं ‘१९४१’ नांवाचा विनोदी बोलपट काढला तो याच फजितीवर. फक्त तारीख मागें ओढून डिसेंबरांत नेली. गंभीर बोलपट तोफेचा प्रत्येक गोळा शत्रूला लावतात. तो शत्रूला लागला नाहीं हें दाखवावयास विनोदी बोलपट लागला. यांत दिग्दर्शकाचा दोष नाहीं. चुकलेली तोफ गांभीर्यानें पाहणें आपणां प्रेक्षकांनाच जड जातें.

गोळ्याचे तुकडे खालीं येतात, ही साधी गोष्ट लंडनच्या पोरांना पाठ होती. सकाळ झाली कीं तीं गल्लीबोळांतून लोखंडाचे करवतकांठी तुकडे गोळा करीत व शाळेंत त्यांची अदलाबदल करीत. जॉन बूरमन यांच्या १९८७ सालच्या ‘होप अँड ग्लोरी’ या बोलपटांत ही पोरें दिसतात. बूरमन स्वतः त्या काळांत लहान होते, म्हणून त्यांना ठाऊक. १९७१ च्या डिसेंबरांत आमच्या घरच्या तावदानांवर काळा कागद चिकटविलेला होता आणि आम्हां शाळकरी मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. वर गेलेलें खालीं येतें हा विचार त्या वेळीं एकाही मुलाच्या मनाला शिवला नव्हता. तेव्हां आजच्या मुलांना तो व्हिडिओ गेमनें शिकविला नाहीं म्हणून मी त्यांना रागें भरणार नाहीं.

पडद्यानें गाळलेल्या माणसांत सर्वांत मोठी संख्या मुलींची आहे. १९३८ सालीं सर फ्रेडरिक पाइल यांनीं कॅरोलाइन हॅस्लेट या विद्युत्-अभियंता बाईंना तोफखाना दाखवून विचारलें कीं, यांतलीं कोणतीं कामें स्त्रियांना जमतील. बाईंनीं उत्तर दिलें कीं, जड गोळे भरणें सोडल्यास सर्व. १९४१ पासून ब्रिटनमध्यें स्त्रीपुरुषांच्या मिश्र तुकड्या उभ्या राहिल्या. उंची मोजणें, भाकितयंत्र चालविणें, रडारवर बसणें हीं कामें मुली करीत. प्रत्यक्ष तोफ डागण्यास मात्र त्यांना मनाई होती. नेम काढून द्यावा स्त्रीनें, आणि दोरी ओढावी पुरुषानें, म्हणजे स्त्रीनें जीव घेतला असें होत नाहीं, अशी ती विचारसरणी! ऐन भरांत सत्तर हजारांवर स्त्रिया या दळांत होत्या. पंतप्रधान चर्चिल यांची कन्या मेरी त्यांतलीच. १९४२ च्या एप्रिलांत अठरा वर्षांची एक मुलगी भाकितयंत्रावर काम करीत असतां बाँबचा तुकडा लागून पडली. शेजारच्या मुलीनें तत्क्षणीं तिची जागा घेतली आणि यंत्र थांबलें नाहीं. युद्ध चालूं असतांच, १९४३ सालीं, लेस्ली हॉवर्ड यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘द जेंटल सेक्स’ हा बोलपट निघाला. त्यांत सैन्यांत भरती झालेल्या सात मुली आहेत आणि त्यांतल्या कांहीं विमानविरोधी तुकडींत जातात. तो प्रचारासाठीं काढलेला होता हें लपत नाहीं. पण भाकितयंत्राभोंवतीं मुली उभ्या आहेत हें त्यांत दिसतें. माझ्या पाहण्यांतल्या व्हिडिओ गेमांपैकीं एकांतही ती जागा कोणी भरलेली नाहीं.

पलीकडच्या बाजूला मुलींऐवजीं मुलगे होते, आणि हा भाग मला, एक शाळामास्तर म्हणून, वाचतांना फार जड गेला. १९४३ च्या फेब्रुवारीपासून जर्मनीनें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना, १९२६ व १९२७ सालीं जन्मलेल्या मुलांना, वर्गच्या वर्ग उचलून तोफांवर नेलें. पुढें हा आंकडा दोन लाखांच्या आसपास गेला. शिक्षण बंद पडलें असें मात्र म्हणावयाचें नव्हतें. म्हणून त्यांचे मास्तर आठवड्यांतून सुमारें अठरा तास तोफांच्या तळावर जाऊन शिकवीत. रात्रभर जागलेल्या पंधरासोळा वर्षांच्या मुलांसमोर, लांकडी झोंपड्यांत, लॅटिनचे धडे! आदल्या रात्रीं हाताखालून गेलेलें गणित सकाळीं फळ्यावर पुन्हां मांडावयाचें, आणि हजेरींत ज्याचें नांव राहून जाई त्याच्याबद्दल विचारावयाचें नाहीं. गोळे वाहून आणावयास पुष्कळ ठिकाणीं रशियन युद्धकैदी असत. पुढें पोप बेनेडिक्ट झालेले योसेफ राट्झिंगर हे याच मुलांपैकीं एक, आणि कादंबरीकार ग्युंटर ग्रास हेही. अमेरिकन बोलपटांतून विमानाखालीं काळे पुंजके फुटतात तेव्हां ते कोणी फोडले हें दिसत नाहीं. दिसलें असतें तर त्यांत एखादा दहावीचा वर्ग दिसला असता. व्हिडिओ गेममध्यें या तोफेभोंवतीं शत्रु म्हणून धिप्पाड प्रौढ शिपाई उभे असतात, आणि त्यांना मारण्याचे गुण मिळतात. त्या जागीं मुलें दाखवावीं असें मी म्हणणार नाहीं. तशा चित्रावर बंदूक रोखावयास कोणत्याही घरांतल्या मुलाला सांगूं नये. परंतु ती अदलाबदल झालेली आहे, एवढें घरांतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असावें.

खेळांविषयीं आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगतों. व्हिडिओ गेमचा धंदा अगदीं बाल्यावस्थेंत होता तेव्हांपासून ही तोफ त्यांत आहे. अटारी या अमेरिकन मंडळीनें १९७५ सालीं ‘अँटि-एअरक्राफ्ट’ नांवाचा खेळ काढला, आणि १९७७ सालीं घरीं खेळण्याच्या यंत्रासाठीं ‘एअर-सी बॅटल’. त्यांतलीं विमानें म्हणजे चौकोनी ठोकळ्यांचीं चित्रें. तोफ तीनच कोनांत वळे. परंतु तिचा गोळा हळूहळू वर जाई, आणि त्यामुळें मुलाला विमानाच्या पुढें मारावें लागे. म्हणजे हे ओबडधोबड ठोकळे त्या एका बाबतींत भपकेदार बोलपटांपेक्षां अधिक खरे होते. आजच्या ‘वॉर थंडर’सारख्या खेळांत, त्यांच्या सोप्या प्रकारांत, उडत्या विमानापुढें एक लहानशी खूण उमटते, येथें मारा, विमान येथें येणार आहे, असें ती सांगते. ती खूण संगणक काढतो. १९४१ सालीं तीच खूण काढावयास मुली थंडींत कुडकुडत चाकें फिरवीत होत्या.

आणि त्या चाकांचें पुढें काय झालें, हेंही याच गोष्टींत येतें. १९४० सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेव्हिड पार्किन्सन नांवाचे एक तरुण अभियंता होते. तोफांशीं त्यांचा संबंध नव्हता. कागदावर आपोआप रेषा काढणारें एक विजेचें उपकरण ते तयार करीत होते. त्यांना एका रात्रीं स्वप्न पडलें. स्वप्नांत एक विमानविरोधी तोफ होती, आणि तिच्या प्रत्येक गोळ्याला एक विमान पडत होतें. तोफेवरच्या एका शिपायानें त्यांना हंसून जवळ बोलाविलें. पाहतात तों त्यांच्याच उपकरणाचा एक भाग तोफेला बसविलेला! जागे झाल्यावर त्यांनीं ही कल्पना वरिष्ठांना सांगितली, आणि तिच्यांतून ‘एम-९’ हें विजेवर चालणारें भाकितयंत्र निर्माण झालें. त्याच सुमारास नॉर्बर्ट वीनर हे गणिती वैमानिक पुढच्या क्षणीं कोठें असेल याचेंच गणित मांडीत होते. त्यांचें यंत्र युद्धांत उपयोगी पडलें नाहीं, पण त्या विचारांतून १९४८ सालीं ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ झाला, आणि संगणकयुगाच्या पायांत त्याचा एक दगड आहे. बोलपटांची तोफ पाहावयाची झाली तर ती पार्किन्सन यांच्या स्वप्नांत पाहावी. कारण प्रत्येक गोळ्याला विमान तें तेथेंच.

जवळजवळ तसें प्रत्यक्षांत घडलें तें १९४४ च्या उन्हाळ्यांत. जूनपासून जर्मनांचे व्ही-१ नांवाचे उडते बाँब लंडनवर येऊं लागले. त्यांत वैमानिक नव्हता. ते सरळ, एकाच उंचीवरून, न वळतां येत. भाकितयंत्राचें गृहीत प्रथमच पूर्णपणें खरें ठरलें होतें. परंतु लंडनजवळ पाडलेला बाँब घरांवरच पडे, मग तो पाडून उपयोग काय? म्हणून जुलैच्या मध्यास शेंकडों तोफा, त्यांच्या तारा, झोंपड्या आणि माणसें, मुलींसकट, कांहीं दिवसांत उचलून इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर नेलीं गेलीं, कीं जेणेंकरून बाँब समुद्रांत पडावेत. त्यांच्या जोडीला नवें रडार होतें, एम-९ होतें, आणि लक्ष्याजवळ येतांच आपण होऊन फुटणारे नवे गोळे होते. २८ ऑगस्ट रोजीं नव्वदांहून अधिक बाँब आले. त्यांतले पासष्ट तोफांनीं पाडले, तेवीस लढाऊ विमानांनीं, दोन फुग्यांच्या तारांत अडकले, आणि चारच लंडनपर्यंत पोंचले. या तीन महिन्यांच्या मोहिमेवर काढलेला मोठा बोलपट माझ्या पाहण्यांत अद्याप आलेला नाहीं.